उतारवयाचा सोबती

पर्वतीच्या पायऱ्या, हनुमान टेकडीची पाऊलवाट किंवा वेताळ टेकडीचा विस्तीर्ण माथा, यांपैकीं कोठेंहि पहांटेस गेलें असतां पांढऱ्या केसांचीं माणसें हटकून भेटतात. त्यांतील कांहींच्या हातीं काठी असते, तर कांहींच्या हातीं कुत्र्याचा दोर. साठी उलटल्यावर व्यायाम सुटतो, तो पुष्कळदां अशक्तपणामुळें नव्हे, तर 'आज राहूं द्या, उद्यां जाऊं' या एका वाक्यामुळें. कुत्र्याला हें वाक्य समजत नाहीं. नेमल्या वेळीं तो दाराशीं जाऊन उभा राहतो, आणि मालकाला पायांत जोडे घालावेच लागतात.

परंतु हा सोबती जितका हितकर, तितकाच बेसावध माणसाला घातकहि होऊं शकतो. तें कसें, हें समजण्यासाठीं एका दूरच्या देशाची रीत पाहण्यासारखी आहे.

नॉर्वेंत पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची विद्या फार जुनी आहे. या पट्ट्यांना स्की म्हणतात. कित्येक जण, उतारवयांतसुद्धां, कुत्र्याला बरोबर घेऊन असे हिंडतात. कुत्र्याच्या छातीवरून जाणारा साज असतो. त्याला जोडलेला लवचिक दोर माणसाच्या कमरेच्या रुंद पट्ट्यांत अडकवितात. दोन्ही हात काठ्यांसाठीं मोकळे राहतात. कुत्रा पुढें ओढतो, माणूस मागून जोर लावतो. स्की घसरत असल्यामुळें सपाटीवर कुत्र्याचा हिसका गतींत विरून जातो.

पुण्याच्या टेकडीवर बर्फ नाहीं, मुरूम आहे. येथें पाय जमिनीवर राहतो आणि वरचें शरीर तेवढें ओढलें जातें. खारीमागें कुत्र्यानें एक झेप घेतली कीं माणूस पालथा पडतो. वार्धक्यांत हाडें ठिसूळ झालेलीं असतात. खुब्याचें हाड मोडलें, तर सावरण्यास महिनोन् महिने लागूं शकतात. म्हणून नॉर्वेकरांचा छातीचा साज घ्यावा, पण कमरेचा दोर घेऊं नये. दोर मनगटालाहि गुंडाळूं नये. प्रसंगीं चटकन् सोडतां येईल असा हातांत धरावा. दोर सैल ठेवून बाजूनें चालण्याची संवय कुत्र्याला आधीं सपाट रस्त्यावर लावावी, मग टेकडीकडे वळावें.

चढण्यापेक्षां उतरतांना अधिक जपावें. चढतांना दम लागतो व माणूस आपण होऊन थांबतो. उतरतांना तितका दम लागत नाहीं. पण मांडीचे स्नायू ताणले जात असतांनाच शरीराचा भार आवरीत असतात, आणि गुडघ्यांवर दाब वाढतो. अशा वेळीं कुत्रा पुढें नसावा. बाजूस किंवा मागें असावा.

कुत्र्याच्या शरीराचाहि विचार हवा. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. मुख्यतः धापा टाकूनच तो अंग थंड करतो. म्हणून उन्हाळ्यांत ऊन तापण्यापूर्वीं परत यावें. जो खडक हाताला सोसत नाहीं, तो त्याच्या पंजांनाहि सोसत नाहीं. पाणी दोघांचें न्यावें. रेबीजची लस वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. टिटवी उघड्या जमिनीवर अंडीं घालते, तेव्हां माथ्यावरहि त्याला मोकाट सोडूं नये.

कुत्रा साधारणतः १० ते १३ वर्षें जगतो. पासष्टाव्या वर्षीं अवखळ पिल्लूं आणणाऱ्यानें हा हिशेब आधींच करावा. शांत स्वभावाचा, वयांत आलेला गांवठी कुत्रा अशा घराला अधिक मानवतो. आपल्यामागें त्याला कोण पाहील, हेंहि घरच्यांशीं बोलून ठरवून ठेवावें.

पुण्याच्या याच टेकड्यांच्या पायथ्याशीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम तेथें १९१९ मध्यें सुरू होऊन १९६६ मध्यें पुरें झालें. त्या ग्रंथाच्या महाप्रस्थानिक पर्वांत पांच पांडव व द्रौपदी हिमालयाकडे निघतात. सातवा त्यांच्या मागून येणारा कुत्रा. वाटेंत एकेक जण पडत जातो, आणि शेवटीं युधिष्ठिर व कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला टाकून युधिष्ठिर रथांत चढत नाहीं. त्या दोघांमध्यें दोर नव्हता. टेकडीवर दोर अवश्य असावा. मात्र तो सैल असावा, आणि दोघांपैकीं जो अधिक थकला असेल, त्याच्या चालीनें दोघांनीं चालावें.