एका ॲपमधून निघालेलं रेल्स

वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपनीचे ग्राहक बदलतात, पण कामाचा मोठा भाग तोच राहतो: लॉगिन, फॉर्म, डेटाबेसमध्ये नोंद, ती पुन्हा पडद्यावर. शिकागोच्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या वेब डिझाइन कंपनीने आपली कामं सांभाळायला बेसकॅम्प हे ॲप बनवलं. ते लिहिणाऱ्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने त्यातला पुन्हा वापरता येणारा भाग वेगळा काढला आणि २००४ मध्ये ‘रुबी ऑन रेल्स’ या नावाने सर्वांसाठी खुला केला. गिटहब, शॉपिफाय त्यावरच उभे राहिले.

माझ्या मते रेल्सचं खरं मोल त्याच्या संकेतांत आहे. कोडमध्ये ‘ऑर्डर’ नावाचा क्लास असेल, तर डेटाबेसमधलं टेबल ‘ऑर्डर्स’ असणार, हे ते धरूनच चालतं. फायलींच्या जागाही ठरलेल्या. त्यामुळे दुसऱ्याने अर्धवट सोडलेला प्रकल्प उघडला तरी नवा प्रोग्रामर चाचपडत नाही. माणसं सतत या कामावरून त्या कामावर जातात अशा एजन्सीत ही फार मोठी सोय आहे. ग्राहकालाही एकाच एजन्सीला बांधून राहावं लागत नाही.

जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र काही काळाने मिळेनाशा होतात, म्हणून देखभालीचा खर्च करारातच धरावा लागतो.