न घेतलेलं कर्ज

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं, की वाघोली, लोणीकंद आणि कोरेगाव भीमा मागे टाकल्यावर सणसवाडी लागते. नगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण रस्ता लोकांच्या तोंडी अजून 'नगर रोड'च आहे. शिरूर तालुक्यातलं हे गाव एके काळी शेतीवर जगणारं. आता भोवती कारखाने उभे आहेत आणि पाळी सुटली की रस्त्यावर मराठीइतकीच हिंदी ऐकू येते. कोणी बीड-लातूरकडून आलेलं, कोणी विदर्भातून, कोणी थेट बिहार-उत्तर प्रदेशातून. माणसं पोटासाठी येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण बहुतेकांना विचाराल तर उत्तर एकच मिळेल, 'पोरांसाठी आलो.'

आज बोलायचं आहे ते या पोरांविषयी.

असं एक कुटुंब डोळ्यासमोर आणा. वडील कंत्राटी कामगार, आई पॅकिंगच्या कामाला. भाड्याची पत्र्याची एक खोली. मुलगा दहावीत. वडिलांची रात्रपाळी असते तेव्हा ते दिवसा झोपतात, म्हणून हा मोठ्याने वाचत नाही. घरात मारहाण नाही, आरडाओरडा नाही. फक्त चाचणीत गुण कमी पडले, की जेवताना वडील हळूच म्हणतात, 'गाव सोडलं ते कोणासाठी?'

प्रश्न प्रेमातून आलेला आहे आणि खराही आहे. पण मुलाकडे त्याचं उत्तर नाही. गाव सोडायचं ठरलं तेव्हा तो आईच्या कडेवर होता. जे कर्ज त्याने घेतलं नाही, त्याचा हप्ता मात्र त्याच्या नावावर लागला आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्मिथ यांनी मेक्सिकोतून न्यूयॉर्कला आलेल्या कुटुंबांचा पंधराएक वर्षं अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००६ मध्ये आलं. त्या घरांमधल्या एका न बोललेल्या कराराकडे त्यांनी लक्ष वेधलं. आईबापांनी त्याग करायचा आणि मुलांनी यशस्वी होऊन तो त्याग सार्थकी लावायचा. हा करार अनेक मुलांना बळ देतो, हे विसरून चालणार नाही. आईच्या हातावरचे घट्टे आठवून पहाटे उठणारी मुलं आपण पाहिली आहेत. पण हाच करार न पाळता आलेलं मूल स्वतःला नापास नव्हे, तर कृतघ्न समजू लागतं. गुण कमी पडल्याचं दुःख चार दिवसांत ओसरतं. आईबापांना फसवल्याची भावना इतक्या सहज जात नाही.

स्थलांतरित घरात हे ओझं वाढण्याची काही साधी कारणं आहेत. एक म्हणजे एकटेपण. गावाकडे आजी असते, काका असतो. बापाने जास्त ताणलं तर 'जाऊ दे रे, लेकरू आहे' म्हणणारं कोणीतरी असतं. खोलीत राहणाऱ्या चौघांत ते माणूस नसतं. उलट गावाकडून फोन येतो तो चौकशीचा, पोरगा किती टक्क्यांवर आहे? पुण्याला गेलेल्याचं यश गाव त्याच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर मोजतं.

दुसरं, भाषा. परराज्यातून आलेल्या घरात मराठी सगळ्यांत आधी मुलांना येते. मग बँकेची स्लिप, दवाखान्यातला केसपेपर, शाळेची सूचना हे सगळं मूलच वाचून दाखवतं. काम मोठ्या माणसाचं करायचं आणि निर्णय मात्र एकही आपला नाही, अशी त्याची अवस्था होते. मुलींच्या वाट्याला यात धाकट्या भावंडांचं करणं आणि स्वयंपाकही येतो.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आईवडिलांना शिडीचा तळ दिसतो आणि वरचं टोक दिसतं, मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. कारखान्यात एकीकडे कंत्राटी कामगार आणि दुसरीकडे साहेब. त्यामुळे 'डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, नाहीतर आमच्यासारखं' एवढीच दोन उत्तरं त्यांना माहीत असतात. प्रत्यक्षात दहावीनंतर आयटीआय आहे, तीन वर्षांची पदविका आहे. पदविका झालेल्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. डॉक्टरकीचंच पाहा. २०२४ मध्ये 'नीट'साठी चोवीस लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलं आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण लाखभर. म्हणजे जिथे बहुतेकांना जागाच नाही, तिथे न पोचणं हा मुलाचा गुन्हा कसा?

ताण किती खोल जातो हे आकडेही सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. प्रत्येकीमागे अपेक्षाच होती असं म्हणता येणार नाही, कारणं अनेक असतात. पण मूल गप्प राहू लागलं, जेवण-झोप बिघडली, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोललं, तर ते नाटक समजू नये. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. फोन विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मग अपेक्षा ठेवायचीच नाही का? तसं नव्हे. 'आपल्याकडून कोणाला काहीच आशा नाही' हे वाटणंही मुलाला खच्ची करतं. अपेक्षा असावी, पण तिला अट जोडू नये. 'तू शिकावंस' ही अपेक्षा झाली. 'नाही झालास तर आमचं सगळं वाया' ही अट झाली. आपल्या कष्टांची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पहिल्या दिवशी कुठे झोपलो, पहिला पगार कसा झाला, हे मुलांना ऐकायला आवडतं. त्या गोष्टीच्या शेवटी बिल तेवढं ठेवू नये. आणि गाव सोडण्यामागे पाऊस, शेती, सावकार, स्वतःची उमेदही होती, हे कबूल करावं. सगळंच मुलासाठी केलेलं नसतं आणि हे कळलं की मुलाच्या खांद्यावरचं निम्मं वजन उतरतं.

शिक्षकांनाही यात करता येण्यासारखं आहे. पालकसभेला कंत्राटी कामगार येत नाही, कारण त्याचा त्या दिवसाचा खाडा होतो. सभा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेतली आणि गुणांबरोबर दहावीनंतरच्या वाटाही सांगितल्या, तर त्या मधल्या पायऱ्या त्याला दिसतील.

आणि त्या बापासाठी एक छोटी गोष्ट. पुढच्या सुट्टीला मुलाला घेऊन चहाच्या टपरीपर्यंत चालत जा. गुणांचं विचारू नका. 'तुला काय करायला आवडतं?' एवढंच विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. हा प्रश्न तुम्हाला तुमच्या लहानपणी कोणी विचारला नसेल, म्हणून तो विचारताना जरा अवघड वाटेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)