नाव गावच्या यादीत, माणूस मुंबईत

मतदानाचा दिवस जवळ आला की भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटणाऱ्या लाँचींना आणि अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडे धावणाऱ्या एस. टी. गाड्यांना गर्दी वाढू लागते. या गर्दीतील चाकरमान्याची नोकरी मुंबईत असते, बिऱ्हाड मुंबईत असते, मुलांची शाळाही तेथेच असते. मात्र मतदारयादीतील त्याचे नाव वाडवडिलांच्या घरावर गावी असते. त्याच सुमारास करंजा, थेरोंडा, एकदरा, भरडखोल या बंदरांतील अनेक होड्या खोल समुद्रात गेलेल्या असतात. त्या होड्यांवरील तांडेल आणि खलाशी बारा महिने गावचेच रहिवासी. त्यांचे नाव यादीत अगदी योग्य ठिकाणी असते, परंतु मतदान केंद्राचे दार उघडते तेव्हा ते किनाऱ्यावर नसतात. जो गावात राहत नाही तो मत देऊन जातो आणि जो राहतो त्याचे मत राहून जाते, असा हा विपरीत प्रकार रायगडच्या किनाऱ्यावर निवडणुकीमागून निवडणूक घडत आला आहे.

या प्रकाराकडे कौतुकाने किंवा विनोदाने पाहून चालणार नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगड मतदारसंघाचा निकाल अवघ्या २,११० मतांनी लागला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत उरणची जागा ८११ मतांच्या फरकाने गेली. ग्रामपंचायतीच्या प्रभागात तर मतदारच काही शेकडा असतात. तेथे एका लाँचीतून उतरलेली माणसे निकाल फिरवू शकतात. कोणाचे नाव कोठे असावे आणि कोणी मत कसे द्यावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारकुनी नोंदीचा राहत नाही.

कायदा काय सांगतो?

मतदार नोंदणीचे मूळ लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मध्ये आहे. भारताचा नागरिक, अठरा वर्षे पूर्ण आणि त्या मतदारसंघाचा ‘सर्वसाधारण रहिवासी’, या तीन मुख्य अटी. पूर्वी वयोमर्यादा एकवीस होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती अठरावर आली. वय मोजण्यासाठी पूर्वी वर्षातून १ जानेवारी हा एकच दिनांक धरला जाई. त्यामुळे २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या तरुणाला वर्षभर तिष्ठावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले. सतरा वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यालाही आता आगाऊ अर्ज करून ठेवता येतो.

खरा पेच आहे तो ‘सर्वसाधारण रहिवासी’ या शब्दांत. अधिनियमाच्या विसाव्या कलमाने दोन गोष्टी शेजारीशेजारी सांगितल्या आहेत. एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्याच कारणाने कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, ही पहिली गोष्ट. आणि तात्पुरता बाहेर गेल्यामुळे कोणाचे रहिवासीपण संपतही नाही, ही दुसरी. पहिले वाक्य चाकरमान्याला उद्देशून आहे असे वाटावे आणि दुसरे खलाशाला! दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडण्यासाठी जाणारा आणि पावसाच्या तोंडाशी वाडीवर परतणारा कातकरी मजूरही या दुसऱ्या वाक्याच्या आश्रयाला येतो. मोजणीच्या दिवशी वाडी ओस दिसली म्हणून त्याचे नाव कमी करणे हे कायद्याच्या हेतूविरुद्ध होय.

सतरावे कलम एकाच व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असण्यास मनाई करते आणि अठरावे एकाच मतदारसंघात दोनदा असण्यास. नोंदणीच्या अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९५१ च्या अधिनियमानुसार सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिल्यास दोन्ही मते बाद ठरतात. तरीही मोह असतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडचे मतदान ७ मे रोजी, उरण ज्यात मोडते त्या मावळचे १३ मे रोजी आणि मुंबईचे २० मे रोजी झाले. एकच माणूस तिन्ही दिवशी तीन केंद्रांवर उभा राहू शकेल, असे ते वेळापत्रक होते. मध्ये उभी होती ती डाव्या तर्जनीवरची शाईची रेघ आणि ज्याची त्याची सदसद्विवेकबुद्धी.

चाकरमान्याची बाजू

चाकरमान्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याने पाठविलेल्या मनीऑर्डरीवर कोकणातील घरे तगली. गावचे देऊळ, गावची शाळा, गावचे वाचनालय यांच्या देणगीदारांच्या फलकावर मुंबईकर मंडळाचे नाव हमखास सापडते. निवृत्तीनंतर परतण्याचा मनसुबा त्याने सोडलेला नसतो आणि मुंबईतील जागा भाड्याची, आज आहे उद्या नाही, अशी असते. गावच्या यादीतील नाव हा त्याला आपल्या मुळाचा दाखला वाटतो.

ही भावना खोटी नाही. परंतु मत हा वारसाहक्क नव्हे. सातबाऱ्यावरील नाव बापाकडून मुलाकडे जाते; मतदारयादीतील नाव माणसाबरोबर चालते. गावच्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी असते की नसते, प्राथमिक शाळेत शिक्षक किती, आरोग्य उपकेंद्राचे दार केव्हा उघडते, या गोष्टी जो रोज सोसतो त्याच्या मताचे मोल, जो गणपतीला आणि शिमग्याला येतो त्याच्या मताने कमी व्हावे हे न्याय्य नाही. दुसऱ्या बाजूने, चाकरमानी जेथे राहतो तेथील नळाचे पाणी, लोकलची गर्दी, मोडकळीस आलेली चाळ यांविषयी बोलण्याचा आपला अधिकार तो स्वतःच गमावून बसतो. गावावर आणि स्वतःवर असा दुहेरी अन्याय त्यातून घडतो.

येण्याजाण्याचा खर्च कोण करतो, हा याहून अवघड प्रश्न. उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी वाहन किंवा जलयान ठरविणे हा १९५१ च्या अधिनियमाच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्टाचार ठरतो. त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. कायद्याने वाहनाच्या जोडीला जलयानाचाही आवर्जून उल्लेख केला आहे, हे किनाऱ्यावरच्या मतदाराने ध्यानात ठेवावे. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून येणाऱ्याला अर्थातच कोणतीही आडकाठी नाही. शिवाय मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देणे १३५-ब कलमाने नोकरी देणाऱ्यावर बंधनकारक आहे आणि तिचा लाभ रोजंदारीवरील कामगारालाही आहे.

एकच यादी

ग्रामपंचायतीची यादी निराळी आणि विधानसभेची निराळी, असा समज खेड्यापाड्यांत अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद व नगरपरिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्यासाठी विधानसभेचीच यादी प्रभागवार विभागून वापरली जाते. त्या टप्प्यावर नवे नाव घालून मिळत नाही. भारत निवडणूक आयोगाच्या यादीत जो सुटला तो सर्वत्र सुटला.

नवे नाव घालण्यासाठी नमुना ६ भरावयाचा असतो. नावास हरकत घेण्यासाठी किंवा ते वगळण्यासाठी नमुना ७ आहे. पत्ता बदलला असेल किंवा नोंदीत दुरुस्ती करावयाची असेल तर नमुना ८. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, पनवेलला स्थायिक झालेले कुटुंब, बदली झालेला कर्मचारी यांनी नमुना ८ भरला की जुने नाव निघून नव्या जागी येते. दोन अर्जांची यातायात उरत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला पालकांचा पत्ता किंवा वसतिगृह यांपैकी कोणतेही एक ठिकाण निवडता येते. आखातात नोकरीस असलेल्या आणि भारताचे नागरिकत्व न सोडलेल्यांसाठी नमुना ६-अ आहे. पारपत्रावरील गावच्या पत्त्यावर त्यांचे नाव लागते, मात्र मतदानासाठी मूळ पारपत्र घेऊन जातीने यावे लागते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागांतील कितीतरी घरांना याचा उपयोग आहे.

उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही. प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागत असल्याने प्रत्यक्षात त्याच्याही बरेच आधी जागे व्हावे लागते. मतदानाच्या सकाळी केंद्रावर ‘ओळखपत्र आहे, नाव नाही’ अशी वादावादी होते, ती याच अज्ञानापोटी. ओळखपत्र हा केवळ ओळखीचा पुरावा. हक्क यादीतील नावाने मिळतो. याउलट नाव असेल आणि ओळखपत्र हरवले असेल तर आधारपत्र, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक यांसारखे पर्याय चालतात. नाव अन्यायाने वगळले गेल्यास पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल तर मुकाट्याने परतू नये. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागण्याचा अधिकार नियमांनीच दिला आहे.

यादीतील नावाचे मोल पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत देशाला कळले होते. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीच्या याद्या करताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद अखेर रद्द झाली. त्यांच्या मतदानाच्या हक्काला कोणी विरोध केला नव्हता. केवळ नोंद नीट झाली नाही.

केंद्रापर्यंत न पोहोचणारे

केंद्रावर येऊ न शकणाऱ्यांसाठी कायद्याने हळूहळू दारे उघडली आहेत. सेनादलातील मतदाराला टपाली मतपत्रिका आहे आणि प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोयही आहे. पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना आणि किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यांना अधिसूचनेपासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून लोकसभा-विधानसभेसाठी घरीच मत देता येते. निवडणुकीच्या कामावरील शिक्षक व लिपिक यांना आपल्याच लोकसभा मतदारसंघात नेमणूक असेल तर कर्तव्य प्रमाणपत्रावर नेमणुकीच्या केंद्रात मत देता येते. अन्यथा सुविधा केंद्रात टपाली मत नोंदवावे लागते. इतरांचे मतदान निर्विघ्न पार पाडणाऱ्या केंद्राध्यक्षाचे स्वतःचे मत, अर्ज वेळेत न भरल्यामुळे वाया जावे, याहून मोठा विरोधाभास कोणता?

खलाशासाठी मात्र असे एकही दार नाही. सैनिक, विशिष्ट सशस्त्र दले, राज्याबाहेर नेमलेले सशस्त्र पोलीस आणि परदेशी नेमलेले केंद्र सरकारी कर्मचारी एवढेच ‘सेवा मतदार’. व्यापारी जहाजावरचा कोकणी खलाशी त्यांत नाही. मासेमारीसाठी आठवडाभर समुद्रात राहणारा कोळी तर नाहीच. यांत्रिक मासेमारीस बंदी १ जूनपासून लागते, म्हणून मे महिना हा हंगाम पदरात पाडून घेण्याचा अखेरचा काळ असतो. तेव्हाच मतदान आले की खलाशापुढे मत की मजुरी, असा प्रश्न उभा राहतो. स्थलांतरितांना दूरवरून मत देता यावे यासाठी आयोगाने २०२२ च्या अखेरीस एका यंत्राचा नमुना मांडला. एका यंत्रावर बहात्तर मतदारसंघ घेता यावेत अशी ती योजना होती. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ती २०२३ मध्ये तेथेच थांबली.

यंत्र यायचे तेव्हा येवो. काही गोष्टी त्याविनाही साधण्याजोग्या आहेत. आगाऊ अर्ज करणाऱ्या खलाशाला बंदरावर निघण्यापूर्वी टपाली मत देऊ देणे नियमांत छोट्या दुरुस्तीने शक्य आहे. जो हक्क घरच्या अंथरुणावरील वृद्धाला मिळाला, तो समुद्रावर पोट भरणाऱ्याला नाकारण्याचे कारण दिसत नाही. तोवर मच्छीमार सहकारी संस्थांनी मतदानाच्या दिवशी होड्या किनाऱ्यावर राहतील असा ठराव करावा. नारळी पौर्णिमेला होड्या जशा एकमताने थांबतात तशा त्या पाच वर्षांतून काही दिवस थांबू शकतील.

आणि यादी शुद्ध करण्याचे काम सरकारी माणसावर सोपवून गावाला मोकळे होता येणार नाही. घरोघर फिरणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हा बहुधा त्याच गावचा शिक्षक असतो. समोरच्या घरातील मुलगा वीस वर्षे मुंबईत आहे हे त्याला ठाऊक असते, पण त्याच घरच्या ओटीवर त्याला रोज बसावे लागते. नमुना ७ भरून त्याने वैर पत्करावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. ते काम चाकरमान्याने स्वतः करावे. नमुना ८ वर आपल्या खऱ्या बिऱ्हाडाचा पत्ता लिहिला म्हणून गावाशी असलेले नाते तुटत नाही. गणपतीत घराचे दार त्याच्यासाठी उघडेच राहते. एवढेच होते की गावचा निर्णय गावात राहणारे करतात, आणि मुंबईतील त्याच्या गल्लीत मत मागायला येणाऱ्याला त्याच्याही दाराची कडी वाजवावी लागते.