स्पीकर मुका झाला? आधी वीजपुरवठा तपासा

मोताळ्यासारख्या ग्रामीण भागात उन्हाळ्याची तीव्रता आणि विजेच्या दाबातील चढउतार यांची झळ घरातील हाय-फाय स्पीकरलाही बसते. अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला स्पीकर अचानक बंद पडल्यास प्रथम त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण चालवून पाहावे. वीज येत असेल, तर स्पीकरचा प्लग काढून वायर व फ्यूज मल्टिमीटरने तपासावेत.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तोही लगेच उडाल्यास आत डायोड किंवा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी जाड तार बांधणे म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळणे व आगीला आमंत्रण देणे होय. जाणकार कारागीर स्पीकरच्या वीजपुरवठ्यात ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब मालिकेत जोडतात. तो प्रखर पेटूनच राहिला, तर शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंदावला, तर शॉर्ट नाही असे समजावे.

स्पीकर सुरू असूनही सतत घरघरत असेल, तर फिल्टर कॅपॅसिटरकडे पाहावे. ५० हर्ट्झच्या विजेचे एकदिशीकरण झाल्यावर उरणारी १०० हर्ट्झची लहर तो शोषून घेतो. उष्णतेने त्यातील द्रव आटतो, कधी माथा फुगतो. नवा कॅपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टची क्षमता कमी नसलेला असावा आणि धन-ऋण टोके पाहूनच जोडावा.

प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. एसएमपीएस पद्धतीच्या पुरवठ्यात तो ३०० व्होल्टपेक्षा अधिक असू शकतो. अशा स्पीकरची पेटी घरी न उघडता तंत्रज्ञाकडेच सोपवावी.