रेल्वेत मिळालेला 'नवा करार' आणि मराठी कीर्तन

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका परदेशी प्रवाशाशी कविता आणि धर्म यांवर गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती बायबलचा 'नवा करार' ठेवला आणि 'दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' असं भाकीतही केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला!

पण खरी कमाल पुढे आहे. आपली श्रद्धा लोकांना सांगायची तर ती त्यांच्याच सुरात, हे या कवीने ओळखलं. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचं आधीपासून प्रेम होतं, त्यामुळे त्यांचा ख्रिस्त अभंगांतून, भजनांतून आणि कीर्तनांतून बोलू लागला. त्यांची पदं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

ही वाट त्याआधीही कुणी चोखाळली होती. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली, ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. तो काळ पोर्तुगीज सत्तेच्या दडपणाचा होता, हे विसरता येत नाही. टिळकांच्या पाठीशी मात्र फक्त शब्द होते.

त्यांच्या घरातही सक्ती नव्हती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो तब्बल पाच वर्षांनी, स्वतः विचार करून. टिळकांचं अपुरं राहिलेलं महाकाव्य 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केलं. लक्ष्मीबाईंची आत्मचरित्रात्मक 'स्मृतिचित्रे' अजून वाचली नसतील, तर आवर्जून वाचा.