हाताची गाठ काढली, तरी पुन्हा का येते?

बोटावरची किंवा मनगटावरची गाठ ऑपरेशन करून काढली आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा काही टणक लागू लागले, की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. "सुरी लागली म्हणून पसरली", नाहीतर "हा कॅन्सरच". बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. पण याच भीतीने आपल्या बायाबापड्या परत दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि ज्या हातावर घर चालते, तोच हात कामातून जातो.

हातावर सर्वांत जास्त दिसते ती गँगलिऑन. ही चिकट पाण्याने भरलेली पिशवी असते आणि तिचा देठ बऱ्याचदा आत सांध्यापर्यंत गेलेला असतो. सुईने पाणी काढले की गाठ बसते. पण पिशवी आतच राहते, म्हणून निम्म्याहून अधिक जणांत ती पुन्हा भरते. देठासकट काढली तर हे प्रमाण बरेच कमी होते, शून्य मात्र होत नाही. त्रास नसेल तर ती काढायचीही गरज नाही, पुष्कळदा आपोआप जिरते. वर जड वस्तू आपटून फोडण्याचा उपाय कृपा करून करू नका.

बोटावरची भरीव, न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ बहुधा वेगळी असते. रिपोर्टवर तिचे नाव येते 'जायंट सेल ट्यूमर ऑफ टेंडन शीथ'. ट्यूमर हा शब्द वाचून घरात रडारड होते. ट्यूमर म्हणजे गाठ. प्रत्येक ट्यूमर कॅन्सर नसतो, आणि हा नसतोच. तिशी ते पन्नाशीत, बायकांत तो जास्त आढळतो. मात्र परत येण्यात तो हट्टी आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत १०० पैकी ५ पासून ४० जणांपर्यंत तो पुन्हा आल्याचे दिसते. कारण मुख्य गाठीभोवती ज्वारीच्या दाण्यासारखे छोटे कण असतात, टेंडनला, सांध्याला, बोटाच्या नसेला चिकटलेले. सर्जनला नस वाचवावी लागते, नाहीतर बोट कायमचे बधिर होते. एखादा कण राहिला की तोच वाढतो. म्हणजे गाठ परत आली की डॉक्टरने फसवलेच असे नाही.

तरीही ऑपरेशन कुठे आणि कसे होते, याने फरक पडतो. दंडाला पट्टा बांधून रक्त थांबवले की बारीक कण आणि नसा नीट दिसतात. म्हणून हे काम गल्लीतल्या दवाखान्यात घाईने उरकण्याचे नाही. हाताचे किंवा प्लास्टिक सर्जन असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. "पट्टा बांधणार का? गाठ तपासायला पाठवणार का?" हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

चरबीची गाठ क्वचितच परतते. नखाखालच्या ग्लोमस गाठीत थंड पाण्यात हात घातला की कळ येते. ऑपरेशननंतरही कळ तशीच राहिली तर तुकडा राहिलेला असू शकतो.

गाठ झपाट्याने वाढत असेल, रात्री दुखत असेल, बोट बधिर पडत असेल किंवा वरची कातडी फुटली असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. क्वचित साध्या दिसणाऱ्या गाठीत खरोखर कॅन्सर निघतो, म्हणून दुसऱ्यांदा काढलेली गाठही तपासणीला गेलीच पाहिजे. जाताना पहिल्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत न्या. पावसाळ्यात कागद भिजतात, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. रिपोर्ट हरवला असेल तर जिथे तपासणी झाली तिथे केसपेपर नंबर सांगून दुसरी प्रत मागा.