रुपया कोणता? हाली का कलदार?

आज जालन्याचा रुपया देऊळगाव राजाला चालतो. त्यात नवल ते काय? पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी तसे नव्हते.

जालन्यावर तेव्हा निजामाचे राज्य होते. निजामाच्या रुपयाला लोक 'हाली' म्हणत. देऊळगाव राजा पडले वऱ्हाडात. तिथे इंग्रजांचा कारभार. तिथल्या रुपयाला म्हणत 'कलदार'. दोन्ही रुपयांचे आणे सोळाच. पण मोल वेगळे. 6 कलदार म्हणजे सुमारे 7 हाली.

समजा, जालन्याच्या शेतकऱ्याने तिकडे बैल विकला. भाव ठरला 60 रुपये. कलदार मिळाले, तर घरी आल्यावर त्यांचे 70 हाली होत. पण हातावर 60 हालीच पडले तर? 10 रुपये बुडाले! म्हणून जाणती माणसे सौद्याआधीच विचारीत, "रुपया कोणता बाबा? हाली का कलदार?"

1948 साली निजामाची सत्ता संपली. 1950 साली भारताचा रुपया इकडे सुरू झाला. 7 हालीला 6 रुपये असा हिशेब धरला गेला. 1959 साली हाली कायमचा बंद झाला.

हाली गेला, पण तो प्रश्न अजून कामाचा आहे. जुना तोळा सुमारे 11.66 ग्रॅमचा होता. आज सराफाचा तोळा बहुधा 10 ग्रॅमचा असतो. म्हणून आपण नुसते 'तोळा' ऐकून पैसे मोजू नयेत. किती ग्रॅम, ते विचारावे. मग पावतीवर लिहून घ्यावे आणि स्वतः वाचून पाहावे. आता आपल्याला वाचता येते ना!